वीस कॉम्प्युटर, एक फाईल

(दृश्य: ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल ऐरोली स्टेशनात शिरते. खिडकीतून एमआयडीसीची बाजू.)

दिघा, ऐरोली, रबाळे, महापे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या पट्ट्यात जाड भिंतींच्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. ही डेटा सेंटर्स. आपण मोबाईलवर बोट टेकवतो आणि अशाच कुठल्यातरी इमारतीतला सर्व्हर आपल्याला हवं ते काढून देतो. देणारा एक, घेणारे लाखो. घेणारे वाढले की देणाऱ्याला आणखी मशिनं लागतात, आणखी वीज, आणखी एसी.

इथून रिक्षाने दहा मिनिटांवर, ऐरोलीच्याच एका सेक्टरमधल्या शाळेत, आज याच्या नेमकं उलट घडणार आहे.

(दृश्य: शाळेची कॉम्प्युटर लॅब. पंखे सुरू होतात, एकेक स्क्रीन उजळते.)

कॉम्प्युटर २०. बाहेरून येणारी लाईन एकच, ५० एमबीपीएसची. उतरवायची आहे उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची फाईल, साधारण ६ जीबी. तिचे कर्ते स्वतःच ती टॉरेंटने वाटतात, म्हणजे घेणाऱ्यांनीच एकमेकांना फाईलचे तुकडे देत जायचं, या रीतीने. या लाईनवर एक प्रत यायला सतरा-अठरा मिनिटं लागतील. वीस जणांनी वीस वेळा उतरवली, तर पावणेसहा तास. एकदा उतरवून पेनड्राइव्ह फिरवला असता तरी भागलं असतं, पण सरांना मुलांना फाईल कशी येते तेच दाखवायचं आहे.

"सर, सगळ्यांनी एकदम लावलं तर नेट बसेल ना?"

"लाव तर खरं," सर म्हणतात.

(दृश्य: जवळून, स्क्रीन. प्रगती दाखवणारी आडवी पट्टी.)

ही पट्टी नीट बघा. ती डावीकडून उजवीकडे सरळ भरत नाहीये. इथे एक निळी रेघ, मग मोकळी जागा, तिकडे टोकाला दोन रेघा. शेजारच्या स्क्रीनवरच्या रेघा आणखी वेगळ्याच ठिकाणी. फाईल तुकड्यातुकड्यांनी येते आहे, आणि प्रत्येकाकडे वेगळे तुकडे.

मुलांनी आधी जी टॉरेंट फाईल उतरवली ती अर्ध्या एमबीच्या आतली. तिच्यात उबुंटू नाहीच. आहे ती यादी. २५६ केबीचा एक तुकडा धरला, तर ६ जीबीचे २४,५७६ तुकडे होतात. त्या प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा एक ठसा यादीत असतो. हा ठसा तुकड्यातल्या मजकुरावरून गणिताने निघतो आणि मजकुरात एका मात्रेइतका फरक पडला तरी पार बदलतो. म्हणून तुकडा कुणाकडून आला याची फिकीर करावी लागत नाही. अनोळखी माणसाने दिला तरी ठसा जुळवायचा. नाही जुळला तर फेकायचा आणि दुसऱ्याकडे मागायचा.

पण मागायचा कुणाकडे?

(दृश्य: जुन्या कॉम्प्युटरची छायाचित्रं.)

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर ही एकमेकांकडून गाणी उतरवण्याची सेवा आली, तेव्हा गाणी लोकांच्या आपापल्या कॉम्प्युटरवर असायची, मात्र कुणाकडे काय आहे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर. गाणी होती दुसऱ्यांच्या मालकीची. खटले झाले, आणि २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. यादी एका जागी होती, त्यामुळे ती बंद करणंही सोपं गेलं. २००० मध्ये आलेल्या न्यूटेला या तशाच फाईली वाटणाऱ्या जाळ्याने यादीच ठेवली नाही. शेजाऱ्याला विचारायचं, त्याने त्याच्या शेजाऱ्यांना. माणसं वाढली तसा नुसता विचारण्याचाच गलका झाला.

बिटटॉरेंट, म्हणजे लॅबमध्ये चालू आहे ती टॉरेंटची रीत, २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी लिहिली. त्यात आधी ट्रॅकर होता, म्हणजे या फाईलसाठी आत्ता कोण कोण हजर आहे ते सांगणारा सर्व्हर. पुढे २००५ मध्ये त्याच्यावाचूनही चालेल अशी सोय आली, आणि ती मला फार आवडते.

(दृश्य: ऐरोलीचा रिक्षास्टँड. कुणीतरी पत्ता विचारतंय.)

नवी मुंबईत आपण पत्ता कसा शोधतो? ठाण्यात विचारलं तर एवढंच कळतं की ऐरोलीची गाडी पकडा. ऐरोलीचा रिक्षावाला सेक्टर सांगतो. सेक्टरमधला वाणी प्लॉट दाखवतो आणि बिल्डिंगचा वॉचमन थेट दाराशी नेतो. अख्खी नवी मुंबई कुणालाच पाठ नाही. प्रत्येकाला जवळचं बारकाईने माहीत, लांबचं ढोबळ. टॉरेंटमध्येही कुठल्या फाईलसाठी कोण हजर आहे या यादीचा थोडासाच भाग प्रत्येक कॉम्प्युटर सांभाळतो आणि पुढच्याकडे बोट दाखवतो. लाखो कॉम्प्युटरमधून हवा तो काही मोजक्या उड्यांत सापडतो. इथलं जवळ-लांब मात्र नकाशावरचं नाही, आकड्यांचं. प्रत्येकाला १६० बिटांचा एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकांमधलं अंतर मोजलं जातं. ऐरोलीचा शेजारी ब्राझीलमध्येही निघू शकतो.

लॅबमधल्या वीस जणांना मात्र एवढं फिरावं लागलं नाही. लॅबच्या नेटवर्कवर एक हाळी दिली की एकमेकांचा पत्ता लागतो.

(दृश्य: एक मुलगा आपल्या स्क्रीनवरच्या दोन बाणांकडे बोट दाखवतो. खाली येणारा, वर जाणारा.)

"सर, माझं अजून उतरतंय, तरी माझ्याकडून जातंय पण!"

जातंयच. हाती आलेला तुकडा जुळला की लगेच दुसऱ्याला द्यायला काढायचा. शेजारणीकडून काही आलं तर तिचा डबा आपण रिकामा परत करत नाही, तशी ही देवघेव. दर १० सेकंदांनी प्रत्येक कॉम्प्युटर हिशेब बघतो, आपल्याला जास्त कोण देतंय, आणि त्यांना आधी देतो. जो नुसता घेतो त्याचा नंबर मागे जातो.

मग नुकताच आलेला, ज्याच्याकडे द्यायला एकही तुकडा नाही, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी एक जागा हिशेबाबाहेर ठेवलेली असते. दर ३० सेकंदांनी ती कुणातरी एकाला मिळते, त्याने आधी काही दिलेलं असो वा नसो. या सगळ्या रचनेतला सर्वांत शहाणा नियम मला हाच वाटतो. तो नसता तर रिकाम्या हातांनी आलेला माणूस दारातच ताटकळला असता.

आणखी एक नियम आहे: जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे, तो आधी मागायचा. पट्टीवरच्या रेघा विखुरलेल्या दिसतात त्या यामुळे. त्याचा उपयोग काय, ते सर आता दाखवतील.

(दृश्य: सर राउटरपाशी जातात. भिंतीतून येणारी वायर उपसतात.)

बाहेरचं इंटरनेट गेलं. मुलं ओरडली. त्या क्षणी कुणाच्याच स्क्रीनवर १०० टक्के नव्हते. कुठे ७१, कुठे ६८, दारापाशीच्या जुन्या कॉम्प्युटरवर जेमतेम ५९. एकाकडेही पूर्ण फाईल नाही.

आकडे हलत राहिले. ७१ चे ७४ झाले, ५९ चे ६५. प्रत्येकाकडे काहीतरी कमी होतं, पण सगळ्यांकडचं मिळून २४,५७६ तुकडे या खोलीत आलेले होते. दुर्मिळ ते आधी आणलेलं असल्यामुळे कुठलाच तुकडा बाहेर अडकला नव्हता.

(दृश्य: एकामागून एक पट्ट्या पूर्ण निळ्या होतात.)

एक गोष्ट सरांनी मुलांना स्पष्ट सांगितली, ती इथेही सांगायला हवी. ही फक्त वाटण्याची रीत आहे. उबुंटू वाटायला तिच्या कर्त्यांची परवानगी आहे. नव्या सिनेमाला ती नसते, आणि तो वाटणं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. शिवाय टॉरेंटमध्ये आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, समोरच्या प्रत्येकाला दिसत असतो.

(दृश्य: संध्याकाळ. वायर पुन्हा जोडलेली. मुलं पेनड्राइव्ह खिशात घालून निघालीत.)

सरांनी एकोणीस कॉम्प्युटर बंद केले. दारापाशीचा, सर्वांत शेवटी १०० वर पोचलेला, चालू ठेवला. पूर्ण फाईल असूनही जो देण्यासाठी थांबतो त्याला टॉरेंटमध्ये सीडर म्हणतात.

(दृश्य: अंधाऱ्या लॅबमध्ये एकच स्क्रीन. यादीत नवी ओळ उमटते.)

कुठलातरी नवा पत्ता. त्याच्यापुढे ० टक्के.

वर जाणाऱ्या बाणाशेजारचा आकडा हलतो.