चोरलेली काडी

(दृश्य: स्वयंपाकघराची खिडकी. रमची जुनी बाटली. पाण्यात पांढरी मुळं.)

बाटलीतली रम कोणी प्यायली, हे आता घरात कोणालाच आठवत नाही. बाटली मात्र खिडकीत आहे आणि तिच्यात मनी प्लँट. शेजारच्या काकूंच्या गॅलरीतून न विचारता तोडलेला. हे झाड विकत आणायचं नाही, मागायचंही नाही, चोरायचं. तरच घरात पैसा येतो म्हणे. पैशाचं सोडा, पण चोरलेली काडी जगते हे खरं.

(जवळून: वेलीची गाठ.)

का जगते ते इथे दिसतं. पानाचा देठ वेलीला मिळतो, तिथे ही गाठ. गाठीपाशी तिळाएवढं तपकिरी टोक. हे मूळच आहे, अजून न वाढलेलं. गाठ पाण्यात बुडाली की ते पांढरं होऊन लांबू लागतं. गाठीशिवाय नुसतं पान खोचलंत, तर ते बरेच दिवस टवटवीत राहील, पण त्याची वेल काही होणार नाही.

हा मनी प्लँट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटाचा, ताहितीच्या शेजारचा. 1880 मध्ये त्याला ‘पोथॉस ऑरियस’ असं शास्त्रीय नाव मिळालं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला एकाच कुळातल्या या गटातून त्या गटात फिरवलं आणि शेवटी ‘एपिप्रेम्नम ऑरियम’वर येऊन थांबले. पोथॉस हे नाव बाजारात तेवढं उरलं.

इतका घोळ होण्याचं एक कारण म्हणजे याला फूलच येत नाही, आणि फुलाशिवाय वनस्पतीची ओळख पटवणं अवघड. 1964 नंतर हे झाड आपणहून फुलल्याची नोंद संशोधकांना सापडली नव्हती. 2016 मध्ये कारण समजलं: फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारा एक जनुक या झाडात नीट चालत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं, तेव्हा प्रयोगशाळेत फुलं आली.

फूल नाही म्हणजे बी नाही. तुमच्या खिडकीतला, डेंटिस्टच्या दवाखान्यातला, पतपेढीच्या काउंटरवरचा, सगळे कुठल्या तरी काडीचेच.

(दृश्य: पुणे-सोलापूर रस्ता, सोरतापवाडी. हिरव्या शेडनेटखाली टांगलेल्या कुंड्यांच्या रांगा.)

मग या रांगेत इतके प्रकार आले कुठून? दोन झाडांचा संकर करायला फूल लागतं. इथे लागते नजर. हजारो वेलींत एखादीवर वेगळंच पान येतं, कोणीतरी ते टिपतं, ती गाठ कापून वेगळी लावतं आणि पुढची पानंही तशीच येतात का, हे बघत राहतं. ‘एन जॉय’ हा प्रकार असाच, ‘मार्बल क्वीन’ या दुसऱ्या प्रकाराच्या वेलीत वेगळं पान दिसलं म्हणून मिळालेला. तो ज्यांनी टिपला ते उत्पादक मुंबईचे. ‘मंजुळा’ही त्यांचीच. दोन्हींना अमेरिकेत पेटंट मिळालं. परदेशी झाडं म्हणून आपण ती कौतुकानं आणतो, हे जरा गमतीचंच.

(जवळून: पानं एकापुढे एक.)

हिरव्यावर पिवळे फराटे ओढलेला तो गोल्डन. रांगोळीची चिमूट उधळल्यासारखी पांढरी नक्षी, ती मार्बल क्वीन. सबंध पोपटी, नक्षी नाहीच, तो निऑन. लहान पान आणि कात्रीनं कापल्यासारखे स्वच्छ पांढरे तुकडे असले की एन जॉय. त्याच पांढऱ्यात हिरवे शिंतोडे दिसले तर पर्ल्स अँड जेड. पान रुंद, कडा लाटेसारख्या, ती मंजुळा. आणि रुपेरी ठिपक्यांचा, मखमली पानाचा ‘सॅटिन पोथॉस’ हा पोथॉस नव्हेच. तो सिंडॅप्सस, याचा चुलतभाऊ.

घ्यायचा कुठला? आधी घरातली खिडकी बघा. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणजे तो भाग स्वतः फारसं कमावत नाही. घर चालवायचं हिरव्यानं. पांढरं जितकं जास्त, तितका उजेड जास्त लागणार. माझा पहिला एन जॉय मी बाथरूममध्ये ठेवला होता, फोटोत छान दिसतो म्हणून. दोन महिन्यांत पांढरे भाग तपकिरी पडले आणि नवी पानं नखाएवढी यायला लागली. आता तिथे साधा गोल्डन आहे, मजेत. एन जॉय आणि मंजुळा पूर्वेच्या खिडकीशी ठेवा: उजेड भरपूर हवा, पण दुपारचं ऊन थेट नको, पानं भाजतात.

पाण्याचं एकच सांगते. मनी प्लँट तहानेनं क्वचित मरतो, बहुतेकदा मरतो तो मायेनं. नर्सरीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिंब असतं. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर तांब्या परत ठेवा. पावसाळ्यात तर आठ-आठ दिवस पाणी लागत नाही. खालची पानं एकामागून एक पिवळी पडायला लागली, तर खत घालू नका, कुंडीतून काढून मुळं बघा. काळी, लिबलिबीत झाली असतील तर चांगली गाठ कापून पुन्हा पाण्यात ठेवायची.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी वर टांगा. हे झाड अळूच्या कुळातलं. कच्च्या अळूनं घसा खवखवतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानातही आहेत. फरक इतकाच की याला चिंच घालून वडी करता येत नाही.

आणि हो, अशी झाडं घरातली हवा शुद्ध करतात, असं ‘नासा’च्या एका प्रयोगाचा दाखला देऊन सांगतात. 1989 चा तो प्रयोग बंद पेटीत केला होता. 2019 मध्ये दोन संशोधकांनी हिशेब मांडला: खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याशी बरोबरी करायची, तर दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील. खिडकीच उघडा.

(दृश्य: कोकणातली वाडी. नारळाच्या खोडावर चढलेला मनी प्लँट, सुपाएवढी फाटलेली पानं.)

हाही तोच गोल्डन. आधार धरून वर चढला की पान मोठं होत जातं, खाली लोंबकळला की बारीक. घरात काथ्या गुंडाळलेली काठी दिलीत तर सूप नाही, पण तळहात तरी मिळेल.

(दृश्य: पुन्हा घर. हातात कात्री, समोर मार्बल क्वीन.)

या वेलीची एक फांदी सबंध हिरवी निघाली आहे. हिरवं जोमानं वाढतं आणि हळूहळू पांढऱ्याला मागे टाकतं. म्हणून जिथे शेवटचं नक्षीचं पान आहे, त्याच्या जरा पुढे कापायचं. इथे.

कापलेला तुकडा टाकवत नाही. एका बाटलीत पाणी भरून तो गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आहे, शेजारच्यांचा हात पोचेल असा.