बी-२ वरचा उंट

श्रोतेहो, नमस्कार. जवळ बुद्धिबळाचा पट असेल तर मोहरी मांडून बसा, कारण आजचा डाव नुसता ऐकायचा नाही, खेळून बघायचा आहे.

साल १९३८, नोव्हेंबर महिना. हॉलंडमधल्या 'आव्रो' या नभोवाणी संस्थेने त्या काळचे आठ अव्वल खेळाडू एकत्र आणले होते. पांढऱ्या बाजूला २७ वर्षांचा मिखाईल बोत्विनिक. समोर माजी जगज्जेता कापाब्लांका, त्याच महिन्यात पन्नाशी गाठलेला.

बोत्विनिकने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि डाव निम्झो-इंडियन बचावाच्या, म्हणजे काळ्याच्या एका ठरलेल्या सुरुवातीच्या, वाटेने गेला. बाराव्या खेळीला पांढऱ्याचा उंट बी-२ वर, म्हणजे बी या उभ्या रांगेतल्या दुसऱ्या घरात, जाऊन बसला. पुढे सी-३ आणि डी-४ वर त्याचीच प्यादी, त्यामुळे उंटाची वाट बंद. कापाब्लांकाची नजर मात्र ए-४ वरच्या एकट्या प्याद्यावर होती. त्याने घोडा बी-३ वर आणला आणि वजिराने ते प्यादं टिपलं. तेवढ्या वेळात पांढऱ्याने एफ-३, ई-४, ई-५ करत पटाचा मध्य काबीज केला. त्या एका प्याद्याची ही किंमत फार मोठी होती, असं मला वाटतं.

आता तिसावी खेळी. पांढऱ्याचं प्यादं ई-६ वर येऊन पोचलंय. त्याला अडवायला काळा वजीर ई-७ वर उभा आहे, आणि तो तिथे आहे तोवर काळ्याचा निभाव लागतो. बोत्विनिकने अठरा खेळ्या गप्प बसलेला उंट उचलला आणि ए-३ वर ठेवला, सरळ वजिराच्या तोंडी! वजीर हलला नाही तर उंटच त्याला मारणार. सी-७ च्या बाजूने पांढऱ्या वजिराचा शह बसत असल्यामुळे मागे हटूनही भागत नव्हतं. वजिराने उंट मारला.

लगेच घोडा एच-५ वर, शह! प्याद्याने घोडा मारला. पांढरा वजीर जी-५ वर, पुन्हा शह. मग एफ-६ वरचा घोडा शह देत खाल्ला आणि प्यादं ई-७ वर. वजीर होण्याला एकच घर उरलं.

कापाब्लांकाने एकापाठोपाठ सात शह दिले. पांढरा राजा एफ-२, जी-३, एच-४ असा उघड्यावर चालत गेला आणि घोडा मारणारं एच-५ वरचं प्यादंही त्याने वाटेत खाल्लं. ४१व्या खेळीला तो पुन्हा एच-५ वर उभा राहिला, तेव्हा शह द्यायला जागाच उरली नव्हती. कापाब्लांकाने डाव सोडला. त्याचा घोडा अजून बी-३ वरच होता.