चौघांची बैठक: ओरेगन

(पडदा काळा. फक्त आवाज. डग्ग्याचा घुमारा हळूहळू वर येतो. त्यावर एक लांब, किंचित अनुनासिक सूर.)

हा सूर ऐकून सनई आठवते ना? वाद्य ओबो आहे, पण तुमचा कान चुकलेला नाही. दोघांचं कूळ एकच. बोरूच्या दोन पातळ पट्ट्या ओठांत धरायच्या, त्यांच्या फटीतून फुंकर घालायची, त्या थरथरल्या की सूर उमटतो. सनई आपल्याकडे देवळाच्या नगारखान्यात आणि लग्नाच्या मांडवात राहिली. ओबो युरोपात सिम्फनी ऑर्केस्ट्रात जाऊन बसला. मैफल सुरू होण्याआधी अख्खा ऑर्केस्ट्रा सूर मिळवून घेतो, तो ओबोकडूनच.

आणि इथे त्याच्या खाली तबला वाजतो आहे.

(दृश्य: तबल्याची शाई, अगदी जवळून. तर्जनी किनारीवर पडते. मग डग्ग्यावर मनगट दाबलं जातं, पुडी किंचित खाली जाते.)

मनगटाचा हा दाब पाहून ठेवा. घे हा बोल वाजला, मनगट पुढे सरकलं, आणि नाद वर चढत गेला. ज्यानं हे अमेरिकेतल्या या चौघांच्या संचात आणलं, त्याचं नाव कॉलिन वॉलकॉट. जन्म न्यूयॉर्क, १९४५. विद्यापीठात पाश्चात्त्य तालवाद्यं शिकला आणि मग कॅलिफोर्नियात जाऊन पंडित रविशंकरांकडे सतार आणि उस्ताद अल्लारखा यांच्याकडे तबला शिकायला बसला. साठच्या दशकात सतारीची टूम आली होती, पुष्कळांनी ती हौसेनं घेतली आणि वर्षभरात कोपऱ्यात ठेवली. कॉलिन टिकला.

(दृश्य: रेकॉर्ड प्लेयरवर सुई टेकते.)

ओरेगन. चार वादक, साधारण १९७० पासून एकत्र.

राल्फ टाउनर, गिटार आणि पियानो. ग्लेन मूर, डबल बास. पॉल मॅकॅन्डलेस, ओबो, इंग्लिश हॉर्न (ओबोचाच खालच्या सुरातला भाऊ), बास क्लॅरिनेट. आणि कॉलिन, तबला, सतार, मृदंगम्, डल्सिमर, शिवाय हाताशी येईल ते.

टाउनर आणि मूर यांची ओळख अमेरिकेच्या वायव्येकडच्या ओरेगन राज्यातली. न्यूयॉर्कला आल्यावरही दोघांच्या बोलण्यात तिकडचे डोंगर आणि किनारा सारखा यायचा. संचाला नाव काय द्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा मॅकॅन्डलेसनं हेच सुचवलं. गाव सोडून आलेल्या माणसानं घराला गावाचं नाव द्यावं, तसं.

त्याआधी चौघंही पॉल विंटर या सॅक्सोफोनवादकाच्या ‘विंटर कन्सॉर्ट’मध्ये होते. तिथे टाउनरनं ‘इकॅरस’ ही रचना केली. १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर विंटर कन्सॉर्टचं संगीत सोबत घेऊन चंद्रावर गेले आणि त्यांनी तिथल्या एका विवराला ‘इकॅरस’ हे नाव दिलं. ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, पण तिच्यात अडकू नका. खरं नवल त्या चौघांनी नंतर जमिनीवर केलं.

(दृश्य: रिकामा दिवाणखाना. मध्ये चार खुर्च्या, समोरासमोर.)

पाश्चात्त्य संगीतात ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात ते खोलीतलं संगीत. मोजके वादक, प्रत्येकाची ओळ वेगळी, समोर छडी हलवणारा कुणी नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहायचं, एकमेकांचा श्वास ऐकायचा. आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही, कारण आपण बैठकीतले लोक. गवई समोर हातभरावर बसलेला, तंबोऱ्याची जवार कानाशी. पण बैठकीत एक मुख्य कलाकार असतो आणि बाकीचे साथीदार. तबलजीनं ठेका धरायचा, लग्गी लावायची, बुवांनी मोकळीक दिली तर चार आवर्तनं हात दाखवायचा आणि पुन्हा मागे सरायचं.

ओरेगनमध्ये साथीदार कुणीच नाही. ओबो गातो तेव्हा बास त्याच्याशी बोलत असतो. गिटारवर स्वरांची वीण चालू असताना तबला त्यात आपला धागा घालतो, आणि कधी चक्क गप्प बसतो. कॉलिनचं गप्प बसणं मला फार मोलाचं वाटतं. गुरू अल्लारखा! तबल्याला साथीच्या जागेवरून उठवून मंचाच्या मध्यभागी, जगभरच्या श्रोत्यांसमोर आणून बसवणाऱ्यांतलं हे मोठं नाव. अशा गुरूचा शिष्य हातात तेवढी तयारी असून थांबतो, हे फक्त संयमानं होत नाही. आपल्या वाद्याच्या मानाबद्दल मनात खात्री असावी लागते.

आता एक अडचण सांगते, कारण तिच्यातच या संचाची कारागिरी आहे.

(दृश्य: सतारीच्या पडद्यांखालच्या तरफा. एक खुंटी हलकेच पिळली जाते.)

सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, त्या दिवशीच्या रागाच्या स्वरांत लावलेल्या असतात. तबल्याची चाट षड्जात. आपलं सगळं संगीत एका षड्जावर उभं असतं, तंबोरा तो क्षणभरही सोडत नाही. जॅझचं उलट. तिथे पायाखालची जमीनच सरकत राहते. दोन मात्रांवर एक स्वरसंघ, पुढच्या दोनवर दुसरा, आणि मघाचा षड्ज आता भलताच कुठला तरी स्वर होऊन बसतो. अशा संगीतात सतार घातली की तरफा नको तेव्हा बोलतात. पुष्कळ फ्यूजन इथेच फसतं. मग एक सोपी वाट काढतात: सगळ्यांना एका स्वरावर उभं करायचं, वर हवा तेवढा वेग भरायचा, शेवटी मोठी तिहाई.

ओरेगननं ती वाट धरली नाही. कॉलिन इथे आलाप, जोड, झाला असा पट मांडत नाही. सतारीची एखादी छोटी ओळ येते, चित्रात एकाच जागी लावलेल्या शेंदरासारखी, आणि जाते. बाकीचेही थोडे सरकून जागा देतात. टाउनरकडे बारा तारांची गिटार आहे. तारांच्या सहा जोड्या, खालच्या चार जोड्यांत एक तार खर्जातली आणि तिची जोडीदार सप्तकभर वर. एक जोडी छेडली की बाकीच्या आपोआप झंकारतात, म्हणजे तरफेसारखंच काहीतरी या गिटारीच्या अंगातच आहे. दोन परक्या वाद्यांना एकमेकांत नातं सापडतं, ते असं.

आणि टाउनरचे हात? लहानपणी पियानो, मग ट्रम्पेट, आणि शास्त्रीय गिटार हातात आली ती थेट २२ व्या वर्षी. त्यानंतर व्हिएन्नाला कार्ल शाइट यांच्याकडे जाऊन तासन् तास बसून शिकला. तो गिटार पियानोसारखी वाजवतो. अंगठ्याची ओळ वेगळी, बोटांची वेगळी. जॅझचा कान, व्हिएन्नाची बोटं.

मूरचा डबल बास अठराव्या शतकातला, क्लॉट्झ घराण्याच्या कारागिरानं घडवलेला. मॅकॅन्डलेस १९७१ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये इंग्लिश हॉर्नच्या जागेसाठी अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. ती जागा मिळाली असती तर आयुष्यभराची पक्की नोकरी होती. ती मिळाली नाही, याबद्दल श्रोता म्हणून मी मनापासून कृतज्ञ आहे.

(दृश्य: रेकॉर्डची कव्हरं एकामागून एक.)

पहिलं ध्वनिमुद्रण १९७० मध्ये झालं. ते काढणारी कंपनीच बंद पडली, आणि ती रेकॉर्ड लोकांच्या हाती पडायला १९८० उजाडलं. मधल्या काळात १९७२ चं ‘म्युझिक ऑफ अनदर प्रेझेंट एरा’, १९७३ चं ‘डिस्टन्ट हिल्स’, १९७४ चं ‘विंटर लाइट’. वीजवाद्यांचा कल्लोळ चालू असलेला तो काळ. हे चौघं लाकूड, तार, कातडं आणि फुंकर घेऊन बसले होते. प्रत्येक कार्यक्रमात निदान एक तरी तुकडा असा, की वाजवायला सुरुवात करेपर्यंत काय वाजणार हे चौघांपैकी कुणालाच माहीत नसायचं.

‘विंटर लाइट’मध्ये ‘विची-ताय-तो’ आहे. ते या चौघांचं नाही. जिम पेपर हा सॅक्सोफोनवादक जन्मानं ओरेगनचाच, रक्तानं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा, कॉ आणि क्रीक जमातींचा. आजोबांनी शिकवलेल्या प्रार्थनागीतावरून त्यानं ते रचलं. राज्याचं नाव लावणाऱ्या संचानं त्या मातीतल्या माणसाचं गाणं वर्षानुवर्षं वाजवलं. मला हे नुसतं सौजन्य वाटत नाही. नाव लावायचं तर त्याचं ऋणही मान्य करायचं असतं.

कॉलिन या काळात बाहेरही वाजवत होता. १९७२ मध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये त्याची सतार आहे. पुढे ट्रम्पेटवाला डॉन चेरी आणि ब्राझीलचा तालवादक नाना व्हास्कोन्सेलोस यांच्याबरोबर तिघांचा संच केला. तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं: कोडोना.

(दृश्य: हिवाळ्यातला रस्ता. धुकं. आवाज नाही.)

ऑक्टोबर १९८४. ओरेगननं ‘क्रॉसिंग’ ध्वनिमुद्रित केलं आणि संच युरोपच्या दौऱ्यावर निघाला. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीत माग्डेबुर्गजवळ त्यांच्या बसला अपघात झाला. कॉलिन वॉलकॉट त्यात गेला. त्यांच्या दौऱ्याची व्यवस्था पाहणारा सहकारीही गेला. कॉलिन ३९ वर्षांचा होता.

(निवेदन काही क्षण थांबतं. चार खुर्च्या पुन्हा दिसतात. एक रिकामी.)

चार माणसांच्या संगीतातून एक गेला की चौथा भाग जात नाही, सगळंच जातं. तबल्याची जागा दुसऱ्या कुणी सहज भरून काढली असती, तर कॉलिनचं तिथे असणंच वरवरचं होतं असं ठरलं असतं. तिघं थांबले. १९८५ मध्ये न्यूयॉर्कला कॉलिनच्या स्मरणार्थ मैफल झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसला मुंबईचा एक तरुण.

त्रिलोक गुर्टू.

(दृश्य: मुंबई. लोकलच्या खिडकीतून संध्याकाळ. ठुमरीचा ठेका, अगदी मंद.)

गुर्टू म्हटल्यावर तुमच्या मनात आधी शोभाताई आल्या असतील. शोभा गुर्टू, माहेरच्या भानुमती शिरोडकर, बेळगावच्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नृत्य करायच्या, आणि गाणं शिकल्या होत्या जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँसाहेब यांच्याकडे. शोभाताईंची ठुमरी, दादरा, कजरी ज्यांनी समोर बसून ऐकली ते एका शब्दावर त्या कशा रेंगाळायच्या ते अजून सांगतात. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, २००४ मध्ये त्या गेल्या.

त्या घरात १९५१ मध्ये त्रिलोकचा जन्म. तबला लहानपणापासून हातात. घरात रियाज, दिवाणखान्यात गाणारी माणसं, आणि मुंबई शहरात जगभरातून येणाऱ्या रेकॉर्डी. सत्तरच्या दशकात तो युरोपात गेला आणि डॉन चेरीबरोबर वाजवू लागला. तोच डॉन चेरी, कोडोनातला.

(दृश्य: एक वादक जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर. भोवती तबला, ड्रम, झांजा, घुंगरांचे झुबके.)

त्रिलोक ड्रमसेटमागे स्टुलावर बसत नाही. तो जमिनीलगत बसतो, तबलजी बसतो त्या उंचीवर. तबला आणि ड्रम एकाच हाताच्या टप्प्यात. एका हातात काठी, दुसऱ्याची बोटं शाईवर, आणि ठेका तुटत नाही. कॉलिन अमेरिकेतून तबल्याकडे चालत आला होता, त्रिलोक तबल्याकडून जॅझकडे. दोघांचा रस्ता एक, दिशा उलट. म्हणून तो कॉलिनची नक्कल झाला नाही. १९८७ चं ‘इकोटोपिया’ ऐका. जुनी जागा दिसते, आणि तिथे बसलेला माणूस वेगळा आहे हेही पहिल्या मिनिटात कळतं. वेग अधिक, ठिणग्या अधिक. हलक्या हातानं ठेवलेली शांतता थोडी कमी. मला त्या शांततेची आठवण येते, हे सांगितलं पाहिजे. पण त्रिलोक आला नसता तर ही बैठक मोडलीच असती.

तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राहिला. मग काही काळ तिघंच वाजवत होते. नंतर मार्क वॉकर हा ड्रमवादक आला. १९९९ मध्ये मॉस्कोला त्चायकोव्स्की सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ध्वनिमुद्रण झालं. २०१५ मध्ये मूर बाहेर पडला, त्याच्या जागी इटलीचा पाओलिनो दाल्ला पोर्ता आला, आणि २०१७ मध्ये ‘लँटर्न’ निघालं.

पण मला तुम्हाला १९८८ कडे परत न्यायचं आहे.

(दृश्य: पाण्यानं भरलेली बादली. वर दोरीनं धरलेली काशाची थाळी.)

त्या वर्षी त्रिलोकची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड आली, ‘उस्फ्रेत’. तिच्यात गिटार आहे राल्फ टाउनरची. ट्रम्पेट डॉन चेरीचा. कॉलिनचे दोन संच, दोन्हींतला एकेक मित्र. आणि गळा आहे शोभाताईंचा. बेळगावहून निघालेला तो आवाज, मागे मुलाचा हात, आणि भोवती ही माणसं.

त्रिलोकची एक खास गोष्ट आहे. तो थाळी वाजवतो आणि वाजत असतानाच पाण्यात बुडवतो. धातूला पाणी लागलं की नाद जड होतो आणि खाली घसरतो, न तुटता, एका स्वरावरून दुसऱ्यावर.

(टोल पडतो. थाळी हळूहळू पाण्यात उतरते. सूर वाकतो.)

आईच्या गळ्यातली मींड ऐकत वाढलेल्या मुलानं ती काशात शोधून काढली.

(थाळी पुन्हा वर येते. थेंब पडत राहतात. पडदा काळा होतो, आवाज चालू राहतो.)