काळा मोती : रंग कोणाचा?

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात आलात, फार बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय 'काळा मोती : ओळख, पारख आणि निगा'. निगेबद्दल ऐकायला बऱ्याच जणी आल्या आहेत, ते दारातच कळलं. दोघी-तिघींनी पर्समधून डब्या काढून दाखवल्या. निगेवर येणार आहे. पण त्याआधी मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. 'खरा'.

मोत्याबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच शब्द आहेत, खरा आणि खोटा. आजीच्या नथीतला बसरा मोती खरा, जत्रेतल्या माळेतला खोटा. आजीच्या काळात एवढं पुरत होतं. मोती यायचा इराणच्या आखातातून नाहीतर मन्नारच्या आखातातून, पाणबुड्यांनी जीव धोक्यात घालून काढलेला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मोत्यांची चादर करून घेतली, ती असल्याच मोत्यांची. इथून शनिवारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पानिपताची बातमी आली तेव्हा विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्यासाठी 'दोन मोती' हेच शब्द वापरले गेले. गेला की परत न मिळणारा, असा मोत्याचा अर्थ होता. तसल्या मोत्याला खरा-खोटा पुरे. काळ्या मोत्याला हे दोन शब्द पुरत नाहीत, आणि हे मला माझ्या मावशीमुळे कळलं.

मावशी शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली, थकबाकीचे पैसे हातात आले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी दागिना घेतला. तिला काळ्या मोत्यांचाच सर हवा होता. घरात सगळ्यांनी विचारलं, काळे मोती म्हणजे काळे मणी का? मंगळसूत्रातले? ती म्हणायची, "काळे मणी काचेचे गं, हे समुद्रातले." २८,००० रुपये दिले. दुकानाचं नाव सांगणार नाही, मुद्दा दुकानाचा नाही. बेचाळीस मोती, साधारण सात मिलिमीटरचे, सगळे गोल, सगळे एका रंगाचे. शाईत बुडवून काढल्यासारखे काळे. मावशीला तेच आवडलं होतं, "बघ, एकही उणा-दुणा नाही."

तिनं तो सर कपाटात जपून ठेवला नाही. वाचनालयात जाताना, भाजी आणतानासुद्धा घालायची. तीन-चार वर्षांनी दोरा सैल झाला म्हणून आम्ही दोघी तो रविवार पेठेत एका पटवेकरी काकांकडे घेऊन गेलो. अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. काकांनी सर कापला, मोती ताटलीत उतरवले आणि दोरा हातात धरून गप्पच बसले. मग मला म्हणाले, "ताई, हे बघा." दोरा पांढरा रेशमी होता. दोन मोत्यांच्या मधे, गाठीपाशी अजून पांढरट, आणि जिथे जिथे मोती बसला होता तिथे राखाडी-काळा. बेचाळीस काळे डाग, ओळीनं.

मी तेव्हा नोकरीतून मोकळी होऊन रत्नपरीक्षा शिकत होते. घरी येऊन दहापटीच्या भिंगाखाली एक मोती धरला. भोकाच्या कडेला रंगाचं गडद कडं दिसत होतं. एक-दोन ठिकाणी बारीक चिरेत रंग साचला होता. प्रयोगशाळेतून अहवाल आला : गोड्या पाण्यातले कल्चर मोती, म्हणजे माणसानं शिंपल्यात रुजवलेले, रंग चढवलेला.

मावशीनं अहवाल दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे माझे मोती खोटे?"

मंडळी, मला 'हो' म्हणता आलं नाही आणि 'नाही'ही म्हणता आलं नाही. ते प्लास्टिकचे नव्हते. प्रत्येक मोती एका जिवंत शिंपल्यात, थरावर थर चढून झाला होता. खोटा होता तो फक्त रंग. आम्ही दुकानात गेलो. मालक शांतपणे म्हणाले, "बाई, मोती खराच आहे, कल्चर आहे." आणि त्यांचं वाक्य चुकीचं नव्हतं! बिलावर लिहिलं होतं 'काळा मोती, एक सर'. तेही चुकीचं नव्हतं. मोती रंगवलेला आहे एवढं मात्र तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं आणि कागदावरही कुठे नव्हतं. याचा राग मला आजही येतो. रंगवलेला मोती विकणं हा गुन्हा नाही. शंभर जणी तो आवडीनं घालतात. पण शिक्षिकेच्या थकबाकीतून समुद्राची किंमत घ्यायची आणि तळ्यातला मोती द्यायचा, तोही गप्प राहून?

तेव्हापासून मी 'खरा' हा शब्द तोडून तीन प्रश्न विचारते. हा शिंपल्यात झालाय का? आपोआप झाला की रुजवला? आणि रंग याचा स्वतःचा आहे का? बाजारात पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन तिन्ही प्रश्नांची किंमत घेतली जाते.

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असलेला मोती कसा असतो ते बघू. जगातले बहुतेक नैसर्गिक रंगाचे काळे मोती येतात फ्रेंच पॉलिनेशियातून. बाजारात त्यांना ताहितीचे मोती म्हणतात, पण शेती ताहिती बेटावर फारशी होत नाही. ती तुआमोतू आणि गँबिये या द्वीपसमूहांतल्या खाऱ्या सरोवरांत होते. शिंपल्याचं शास्त्रीय नाव पिंक्टाडा मार्गारिटिफेरा, साधं नाव काळ्या ओठांचा शिंपला, कारण आतल्या चकाकीची कड काळसर असते. हाच शिंपला आपल्या अंदमानातही आहे. कोकणातल्या मंडळींनी मघाशी विचारलं, आपण खातो ती कालवं हीच का? नाही, खायची कालवं वेगळ्या कुळातली.

रुजवण्याची रीत जपानी. जपानात मोत्यांची शेती करणाऱ्या मिकिमोतोंनी १८९३ मध्ये पहिले अर्धगोल मोती मिळवले, त्या वाटेवरचीच. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यापासून घडवलेला गोल मणी, आणि दुसऱ्या काळ्या ओठांच्या शिंपल्याच्या आवरणाचा, म्हणजे आतल्या मऊ मांसल पडद्याचा, नखाएवढाही नाही असा तुकडा, हे दोन्ही शस्त्रक्रियेनं आत ठेवतात. तो तुकडा वाढून मण्याभोवती पिशवी तयार होते आणि ती पिशवी थर घालत जाते. दीड-दोन वर्षं. तुकडा देणाऱ्या शिंपल्याचा रंग मोत्याच्या रंगावर मोठा परिणाम करतो, म्हणून दाता शिंपला निवडणं हेच मोठं कसब. पॉलिनेशियात हे प्रयोग १९६० च्या दशकात सुरू झाले. ते मोती अमेरिकेच्या बाजारात आले तेव्हा तिथल्या सराफांचा विश्वासच बसेना, एवढा गडद रंग निसर्गाचा कसा? १९७० च्या दशकात प्रयोगशाळेच्या तपासणीनं तो प्रश्न मिटवला.

आणि हा काळा मोती काळा नसतोच. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. राखाडी अंगावर हिरवा, त्यात कडेला गुलाबी, फिरवला की वांग्याच्या सालीचा जांभळा. मोरपिशी रंगाला सगळ्यात जास्त मागणी. अंगाचा गडदपणा रंगद्रव्याचा, पण वर तरंगणारे हे रंग प्रकाशाचे. अॅरागोनाइट या खनिजाच्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ चकत्या एकावर एक बसलेल्या असतात. त्यांच्यावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि रंग उमटतात. सर सी. व्ही. रामन यांनी चमकत्या शिंपल्यांच्या रंगांचा बारकाईनं अभ्यास केला होता. आपल्या जुन्या पारख्यांनी या सगळ्याला एकच शब्द दिला, 'पाणी'. पाणीदार मोती. माझ्या मते इतका नेमका शब्द दुसरा नाही, कारण तो रंगाकडे न बघता खोलीकडे बघायला लावतो. मावशीच्या मोत्यांना रंग होता, पाणी नव्हतं.

चिठ्ठी आली आहे, बारा मिनिटं उरली. पारख आणि निगा दोन्ही राहिलंय, तेव्हा भराभर सांगते.

पारख. दाताला घासून बघायची जुनी परीक्षा फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते : खरखरीत लागला तर शिंपल्यातला, गुळगुळीत लागला तर बहुधा काच किंवा प्लास्टिक. रंगवलेला मोतीही खरखरीतच लागतो. दुसऱ्या प्रश्नाला, रुजवला की आपोआप झाला, क्ष-किरण लागतात; आतली रचना दिसते. तिसऱ्यासाठी घरी करण्यासारखं एवढंच : सरातले सगळे मोती तंतोतंत एका काळ्या रंगाचे असले तर शंका घ्या, निसर्ग तसं जुळवत नाही. ताहितीचा मोती सहसा ८ ते १४ मिलिमीटरचा. लहान, गोल, काळाकुट्ट आणि स्वस्त असेल तर विचारा. गोड्या पाण्यातला मोती पांढरा, गुलाबी, जांभळट होतो, काळा होत नाही. भोकाची कड आणि दोरा भिंगातून बघा. रंग चढवायला सिल्व्हर नायट्रेट वापरतात, किरणोत्सर्गही देतात. असे प्रकार नुसत्या डोळ्यांना कळतीलच असं नाही. सिल्व्हर नायट्रेट असेल तर क्ष-किरण प्रतिदीप्ती तपासणीत, म्हणजे कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणाऱ्या तपासणीत, चांदी सापडते. नेलपॉलिश काढायचं द्रावण लावून बघू नका, मोतीच बिघडेल. हॉलमार्क सोन्या-चांदीला आहे, मोत्याला नाही. म्हणून बिलावर तीन गोष्टी लिहून मागा : शिंपल्याची जात, कल्चर आहे की नाही, रंग नैसर्गिक की चढवलेला. लिहायला नाही म्हणाले तर दुकानातून बाहेर या.

निगा. मोती हा कॅल्शियम कार्बोनेट, आम्लानं झिजतो. घाम, लिंबू, व्हिनेगर सगळं बाधतं. अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे झाल्यावर सगळ्यात शेवटी घालायचा, घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचा. काढल्यावर मऊ ओलसर कापडानं पुसा, सपाट ठेवून वाळू द्या, ओला सर टांगू नका, दोरा ताणतो. सोनं धुवायचं मशीन, चांदी उजळायचं द्रावण, टूथपेस्ट, यातलं काही नको. मोती मऊ असतो, हिऱ्याच्या अंगठीशेजारी ठेवला तर ओरखडे पडतात. वेगळी मऊ पिशवी करा. लॉकरमध्ये प्लास्टिकच्या बंद पिशवीत वर्षानुवर्षं ठेवू नका, मोत्यात थोडं पाणी असतं, तो फार कोरडा पडला तर बारीक चिरा पडू शकतात. रोज वापरत असाल तर वर्षा-दोन वर्षांनी ओवून घ्या, रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मोत्यानंतर गाठ. दोरा तुटला तर एकच मोती पडतो.

मावशीनं तिचा सर पुन्हा ओवून घेतला आणि शेवटपर्यंत घातला. बिलावर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'गोड्या पाण्याचे, रंगवलेले'. तो सर आणि एक खरोखर मोरपिशी मोती, दोन्ही आज आणले आहेत. पहिल्या रांगेतल्या टेबलावर ठेवते. भिंग एकच आहे, रांगेनं या, आणि आधी सराच्या भोकांकडे बघा.