शंख तिथेच राहू द्या

नमस्कार श्रोतेहो. थंडी सुरू झाली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं अंदमानला निघतात. सेल्युलर जेल बघतात, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतात, आणि ते करायलाच हवं. पण पुढचे दिवस बोटी पकडण्यात जातात. आज हॅवलॉक, उद्या नील, परवा बारातांग. माझं सांगणं एवढंच, की एका बेटावर मुक्काम वाढवा. हॅवलॉक, म्हणजे 2018 पासूनचं स्वराज द्वीप, तिथे राहा आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर बसा. फिरू नका, बसा.

आधी झाडांकडे बघा. वाळूच्या कडेला उभे असलेले ते प्रचंड वृक्ष म्हणजे सी महुआ. आत जंगलात पडौक दिसेल. तो तिथला राज्यवृक्ष, आपल्या बिबळ्याच्याच कुळातला. तिथलं राज्यपुष्प पिनमा, तेही आपल्या ताम्हणीचं नातेवाईक. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, पण किती मुलांना ती ओळखता येते? प्रत्येक शाळेच्या आवारात एक तरी ताम्हण लावलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. असो.

न्याहारीला बसाल तेव्हा खांबावर हिरवीगार पाल दिसेल, अंगावर लाल ठिपके असलेली. किळस करू नका. ही दिवसा हिंडते, किडे खाते, फुलातला मधही चाटते. जगात ती फक्त अंदमानात सापडते, आणि तिची भावंडं थेट मादागास्कर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर राहतात.

आता मला जे सांगायचंच आहे ते सांगते. हॅवलॉकच्या काला पत्थर किनाऱ्यावर आम्ही सकाळी गेलो होतो. पाणी ओसरत होतं. बरोबर माझी नऊ वर्षांची नात होती. तिला मुठीत मावेल एवढा एक रिकामा शंख सापडला, अगदी अखंड. ती तो पिशवीत टाकणार, तेवढ्यात ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते दादा म्हणाले, "वहीं रख दो बेटा, थोडा रुको." तिने तो वाळूवर ठेवला आणि आम्ही महुआच्या सावलीत बसलो.

थोड्या वेळाने एक हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा आला, पाठीवर आपला शंख घेऊन. तुम्हाला ठाऊक असेल, या खेकड्याचं पोट मऊ असतं. त्याला स्वतःचं कवच बनवता येत नाही. मेलेल्या गोगलगाईचा शंख शोधायचा, त्यात पोट वळवून बसवायचं, आणि अंग वाढलं की मोठा शंख बघायचा. तर हा आला, त्याने मिशांनी शंख चाचपला, नांगी आत घालून पाहिली. शंख त्याला मोठा होता. पण तो गेला नाही, शेजारीच थांबला. मग दुसरा आला, तिसरा आला. त्यांनाही तो मोठाच. हळूहळू सहा-सात जण जमले आणि रेटारेटी करत एकमेकांना धरून ओळीत लागले, मोठा पुढे, लहान मागे. नात कुजबुजली, "आजी, रेशनची रांग!"

पाऊण तास असाच गेला. ऊन चढलं, वाळूतल्या माश्या चावायला लागल्या, पण कोणी उठेना. मग झुडपातून एक दांडगा खेकडा आला. त्याने शंख एकदा फिरवून बघितला आणि सर्रकन आपल्यातून निघून नव्यात शिरला. त्याचं गुलाबी, वळलेलं पोट क्षणभर दिसलं, तेवढंच. त्याचा शंख रिकामा होताच रांगेतला पहिला त्यात गेला, पहिल्याच्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा. बघता बघता सगळी रांग बदलली. शेवटी वाळूवर एक चिमुकला, कड तुटलेला शंख उरला. तोही नातीने उचलला नाही.

एक शंख जागेवर राहिला म्हणून सगळ्यांची सोय झाली. म्हणून पुन्हा सांगते, शंख उचलू नका. जिथे शंख कमी पडतात तिथे हे खेकडे बाटलीच्या झाकणात अंग कोंबून राहताना आढळले आहेत. शिवाय प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमच्या, विमानतळावर सामानातून काढून घेतले जातात. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात शंख मांडायची हौस मला कधीच कळली नाही. आणि किनाऱ्यावर स्पीकर लावून गाणी ऐकणाऱ्यांना तर मी हात जोडून विनवते, तेवढा वेळ तो बंद ठेवा.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला गेलात तर पाणी खूप लांब मागे जातं. नीलला, म्हणजे शहीद द्वीपला, तेव्हा खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या, छोटे मासे, जिवंत प्रवाळ दिसतं. जाताना प्रवाळावर पाय देऊ नका. मगरींची पाटी असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, मग स्थानिक माणूस उतरलेला दिसला तरी नाही. तिथे घड्याळ आपलंच असलं तरी बेटं फार पूर्वेला आहेत, हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. तेव्हा दुपारच्या भरवशावर राहू नका. ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच घरमालकांना विचारून ठेवा, आणि ती पहाटेची निघाली तर न्याहारी परत आल्यावर करा. नमस्कार.