सेहेचाळिसावा दिवस

[दृश्य : वायोमिंगचं उजाड माळरान. महामार्ग, कडेला विखुरलेली घरं. वाऱ्याचा आवाज.]

वॉमसटर. २०१० साली लोकसंख्या ४५१. एवढ्याशा गावाची शिरगणती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आली आहे, आणि ती उगाच आलेली नाही. मार्विन ग्रीन यांच्यापुढे कसले पर्याय ठेवले होते, ते त्या आकड्यावरून कळतं.

ग्रीन म्हणजे टपाल खात्यात ३५ वर्षं काढलेला माणूस. कोलोरॅडोतल्या एंगलवूडचे पोस्टमास्तर. २००८ साली जवळच्याच बोल्डरमध्ये पोस्टमास्तरची जागा रिकामी झाली. त्यांनी अर्ज केला, बढती मिळाली नाही. आपण कृष्णवर्णीय आहोत म्हणून डावललं, अशी त्यांनी तक्रार केली. तिथून वरिष्ठांशी बिनसलं ते बिनसलंच. ११ डिसेंबर २००९ ला दोन वरिष्ठांनी त्यांच्यावर आरोप ठेवला : तुम्ही जाणूनबुजून टपालाला उशीर केलात. अमेरिकेत हा फौजदारी गुन्हा आहे. खात्याचे तपास अधिकारी आले, विचारपूस केली, आणि पुढे तपास करण्यासारखं यात काही नाही असं वरिष्ठांना कळवून मोकळे झाले. ग्रीन यांची तक्रार अशी, की त्यांना मात्र गुन्ह्याची भीती दाखवणं चालूच राहिलं.

१६ डिसेंबरला त्यांनी एका करारावर सही केली. खातं गुन्हा दाखल करणार नाही. बदल्यात ग्रीन एकतर निवृत्त होतील, नाहीतर बऱ्याच कमी पगारावर वॉमसटरला रुजू होतील. म्हणजे चारशे किलोमीटरच्या पलीकडे, या माळावर.

[दृश्य : कॅलेंडर. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.]

९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी राजीनामा दिला, ३१ मार्चपासून लागू होणारा. २२ मार्चला ते खात्याच्या समान संधी काउन्सेलरकडे गेले आणि म्हणाले, मी राजीनामा दिला नाही, माझ्याकडून तो घेतला गेला.

आता बोटं मोजा. राजीनाम्यापासून मोजलं तर ४१ दिवस. करारापासून मोजलं तर ९६. आणि भेदभाव झाल्यापासून या काउन्सेलरकडे जायची मुदत आहे ४५ दिवसांची.

कनिष्ठ न्यायालय म्हणालं, उशीर झाला. त्यावरच्या अपील न्यायालयानेही तेच धरलं : खात्याने जे काही केलं ते १६ डिसेंबरपर्यंत केलं, राजीनामा ही तुमची कृती, तेव्हा घड्याळ डिसेंबरातच सुरू झालं. टपालाला उशीर केल्याचा आरोप असलेल्या पोस्टमास्तरचा दावा उशिराच्याच कारणाने बाहेर पडला. असा योगायोग कथेत घातला तर संपादक खोडून टाकेल.

[दृश्य : सरकारी कार्यालयाचा व्हरांडा. भिंतीवर पोस्टर, कडा पिवळ्या पडलेल्या.]

अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना भेदभावविरोधी कायद्याचं हे संरक्षण १९७२ साली मिळालं. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश, आणि वेगवेगळ्या कायद्यांनी वय व अपंगत्वसुद्धा. पण खासगी कंपनीतल्या माणसाला तक्रारीसाठी १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३०० दिवस मिळतात. सरकारी माणसाला ४५. तेही सुट्ट्या धरून. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सरकारी सुट्टीचा आला तरच एखाद-दुसरा दिवस पदरात पडतो.

आणि ही फक्त पहिली पायरी. काउन्सेलरने हात टेकले, की त्याच्या नोटिशीनंतर १५ दिवसांत लेखी तक्रार. खात्याने अंतिम निर्णय दिला, की ३० दिवसांत समान रोजगार संधी आयोगाकडे अपील. फेरविचार हवा असेल तर पुन्हा ३०. कोर्टात जायचं तर ९०. आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. इथे त्या पायरीपर्यंत पोचायच्या आधी इतक्या पायऱ्या आहेत, की बरेच जण खालीच घसरतात.

घसरणारे आळशी असतात असं वाटत असेल तर आयोगाचे निकाल उघडून बघावेत. तक्रारदाराचं खरं नाव तिथे छापत नाहीत. संगणकाने निवडलेलं टोपणनाव आणि आडनावाचं एक अक्षर, एवढंच दिसतं. त्या खोट्या नावांच्या मागे फार ओळखीची माणसं भेटतात. साहेबांशी एकदा बोलून बघू, म्हणणारा. युनियनने तक्रार घेतली आहे, तिचा निकाल लागू दे, म्हणणारी. बदली होईल, नवा साहेब येईल, कशाला उगाच वाकडं घ्या, असं घरच्यांनी समजावलेला. कुठल्याही ऑफिसात शहाणपण म्हणतात ते हेच. आयोगाचं म्हणणं ठरलेलं आहे : खात्याअंतर्गत बोलणी चालू असली म्हणून घड्याळ थांबत नाही.

मग माणूस म्हणतो, मला मुदत माहीतच नव्हती. नियमात ही पळवाट खरोखर आहे. मुदतीची कल्पना दिलेली नव्हती, किंवा भेदभाव झाल्याचं कळलंच नव्हतं, किंवा हाताबाहेरच्या कारणाने येता आलं नाही, असं दाखवता आलं तर ४५ दिवस वाढवून द्यावेच लागतात. त्यावर खातं काय काढतं? व्हरांड्यातलं ते पोस्टर. हे बघा, इथे लावलेलं होतं, यात ४५ दिवस लिहिलेत, तुम्ही रोज इथूनच जात होता. पोस्टर खरंच तिथे होतं आणि त्यावर मुदत होती, एवढं खात्याने पुराव्यानिशी दाखवलं तर तुम्हाला ते माहीत होतं असं धरतात. वाचलं होतं का, हा प्रश्न उरत नाही. आजारपणाचंही तसंच. आजारी होतो म्हणून भागत नाही; फोनसुद्धा करता येऊ नये इतकी वाईट अवस्था होती, हे डॉक्टरच्या कागदावरून दिसावं लागतं.

महाराष्ट्रात ज्यांनी मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या प्रशासकीय न्यायाधिकरणांकडे जायला अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे आणि त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज. कारणं मात्र सगळीकडे सारखीच निघतात.

[दृश्य : लिफाफा. तारखेचा शिक्का. टेबलावर न उघडलेलं टपाल.]

आता लिफाफ्याची गोष्ट. आयर्विन नावाचे एक गृहस्थ निवृत्त सैनिकांच्या कल्याणाचं काम करणाऱ्या केंद्रीय खात्यात नोकरीला होते. एप्रिल १९८६ मध्ये त्यांना काढलं. वंश आणि अपंगत्वामुळे काढलं, अशी त्यांची तक्रार. आयोगाने ती फेटाळली आणि पत्र पाठवलं : हे मिळाल्यापासून ३० दिवसांत कोर्टात जाता येईल. तेव्हा ९० नव्हते, ३० होते.

पत्र आयर्विन आणि त्यांचे वकील, दोघांना गेलं. २३ मार्च १९८७ ला ते वकिलाच्या ऑफिसात पोचलं. वकील परदेशी होते, १० एप्रिलला परतले तेव्हा त्यांनी ते पाहिलं. आयर्विन म्हणतात, मला ७ एप्रिलला मिळालं. दावा दाखल झाला ६ मे रोजी. आयर्विन यांच्या हातात पत्र पडल्यापासून एकोणतिसावा दिवस. वकिलाच्या टेबलावर पडल्यापासून चव्वेचाळिसावा.

सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर १९९० ला निकाल दिला, आणि तो मोठा चमत्कारिक आहे. सरकारविरुद्धच्या दाव्यातसुद्धा न्यायबुद्धीने मुदतीचं घड्याळ थांबवता येतं, हे तत्त्व त्यात मान्य झालं. तोवर यावर न्यायालयांचं एकमत नव्हतं. आज मुदत चुकलेला प्रत्येक सरकारी कर्मचारी ज्या निकालाचा आधार घेतो, तो हाच. पण खुद्द आयर्विन यांना त्याचा फायदा मिळाला नाही. प्रतिपक्षाने फसवून मुदत चुकवायला लावली, किंवा मुदतीत दावा केला पण त्यात तांत्रिक दोष राहिला, अशा वेळी घड्याळ थांबतं. वकील गावाला गेले होते ही नेहमीची हयगय झाली, असं सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिलं. वकिलाच्या ऑफिसात आलं म्हणजे तुम्हाला मिळालं. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, अमेरिकन संसदेने ३० चे ९० दिवस केले. आयर्विन यांना चौदा दिवस कमी पडले होते.

[दृश्य : रिकाम्या खुर्च्या. लांब टेबल.]

आणि समोरच्या बाजूचं घड्याळ? लेखी तक्रार आल्यापासून १८० दिवसांत खात्याने चौकशी पुरी करायची असते. ती झाली नाही, तर तक्रारदार पुढे सुनावणी मागू शकतो किंवा कोर्टात जाऊ शकतो. प्रशासकीय न्यायाधीश खात्याला शिक्षाही करू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. खात्याचं म्हणणं मुदत उलटली म्हणून आपोआप बाद होत नाही. बाद होणं हे एकाच बाजूच्या वाट्याला आलेलं आहे.

स्टुअर्ट हॅरो यांचं प्रकरण भेदभावाचं नाही, पण घड्याळाचं आहे. संरक्षण खात्याचा हा जुना कर्मचारी. २०१३ साली केंद्राच्या खर्चकपातीत त्यांना सहा दिवस बिनपगारी घरी बसवलं. त्यांनी दाद मागितली, हरले, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांची नोकरीविषयक अपिलं ऐकणाऱ्या गुणवत्ता संरक्षण मंडळाकडे अपील केलं. जानेवारी २०१७ मध्ये त्या मंडळाची गणपूर्तीच संपली, कारण सदस्यच उरले नव्हते. ती परत व्हायला मार्च २०२२ उजाडलं. पाच वर्षं. त्याबद्दल मंडळाला कुणी मुदतबाह्य ठरवलं नाही.

मे २०२२ मध्ये निकाल लागला, हॅरो पुन्हा हरले. निकाल ईमेलने पाठवला गेला. दरम्यान खात्याने ईमेलची व्यवस्था बदलली होती, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. ऑगस्टअखेर त्यांना कळलं, सप्टेंबरात त्यांनी अपील केलं. मुदत होती ६० दिवसांची. अपील न्यायालय म्हणालं, कारण कितीही खरं असो, ही मुदत आमच्या अधिकाराचीच सीमा आहे, आम्हाला ऐकताच येत नाही.

१६ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे खोडलं. मुदत म्हणजे मुदत, ती काही न्यायालयाच्या अधिकाराची भिंत नाही, असं न्यायमूर्ती केगन यांचा निकाल सांगतो. कारण ऐकून घ्यायचं की नाही, हे ठरवायला प्रकरण खाली परत गेलं. वाद अजूनही त्या सहा दिवसांचाच होता.

[दृश्य : पुन्हा वॉमसटर. संध्याकाळ.]

आणि ग्रीन? त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा अपील न्यायालयाच्या निकालाची बाजू घ्यायला खुद्द सरकारही तयार नव्हतं. त्या निकालाच्या बाजूने बोलायला न्यायालयाने बाहेरून वकील नेमला. २३ मे २०१६ ला निकाल लागला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी लिहिलं की राजीनामा हाही तक्रारीचा भाग आहे, तेव्हा कर्मचाऱ्याने राजीनाम्याची सूचना दिली त्या दिवसापासून मोजायचं. लागू झाला त्या दिवसापासून नाही.

म्हणजे ९ फेब्रुवारी. ४१ दिवस. ग्रीन मुदतीत.

सरकारचे वकील म्हणाले, थांबा. त्यांनी राजीनाम्याची सूचना ९ फेब्रुवारीला दिलीच नाही. १६ डिसेंबरच्या करारावर सही केली, तीच सूचना.

सूचना नेमकी कोणत्या तारखेला दिली हे ठरवायला प्रकरण खालच्या न्यायालयात परत पाठवण्यात आलं. बोल्डरची ती जागा रिकामी झाल्याला तेव्हा आठ वर्षं होत आली होती.