ऊन पाण्याची रेघ

नमस्कार श्रोतेहो.

दापोली तालुक्यात उन्हवरे नावाचं एक गाव आहे. तिथल्या कुंडाकडे जाताना पाणी दिसायच्या आधी नाकाला कळतं. गंधकाचा वास येतो. पाणी जवळजवळ 70 अंश सेल्सियस तापलेलं असतं. झऱ्याच्या तोंडाशी बोट घालून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. मीही घातलं होतं. किती वेळ ठेवलं, ते विचारू नका. आंघोळ करायची ती पाणी जरा निवल्यावर, पुढे.

गरम पाण्याला आपण ‘ऊन पाणी’ म्हणतो, आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असणार. राजापूरजवळ उन्हाळे आहे, तेही तसंच. त्याचा एप्रिल-मेशी काही संबंध नाही. राजापूरची गंगा, जी मनात येईल तेव्हा प्रकटते, ते निराळं प्रकरण आहे. आज तिला हात लावत नाही.

आज मला या ऊन पाण्याच्या गावांची रांग दाखवायची आहे. नकाशा घ्या आणि उत्तरेकडून टिंबं देत या. पालघर जिल्ह्यातलं सातिवली. तानसा नदीच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. महाडजवळचं सव. मग उन्हवरे. मुंबई-गोवा रस्त्यालगतची आरवली, तुरळ, राजवाडी. शेवटी राजापूरचं उन्हाळे. टिंबं जोडलीत तर समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधून, किनाऱ्याला समांतर, 300 किलोमीटरहून लांब रेघ तयार होते. जमीन रांगेनं तडकलेली असल्याशिवाय झरे असे रांगेत फुटत नाहीत.

‘म्हणजे कोकणाखाली ज्वालामुखी आहे का हो?’ असं लोक हमखास विचारतात. नाही. तो केव्हाच विझला. पाणी तापतं ते साध्या खोलीमुळे. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगेतून खाली मुरतं, तापतं आणि दुसऱ्या वाटेनं वर येतं. आता हिशेब करा. वर 27 अंशांचं पाणी उन्हवऱ्याला 70 अंशांचं होऊन बाहेर पडतं, म्हणजे ते दीड किलोमीटर तरी खाली जाऊन आलं असणार. वाटेत थोडं निवतही असेल, तेव्हा खरा पल्ला त्याहून मोठाच.

एवढी खोल भेग पडली कशी?

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहायला लागला. डोंगरातून उसळणारा नव्हे. जमिनीच्या लांबलचक चिरांमधून उतू जाणारा. थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. त्यानंतर वीस-तीस लाख वर्षांत, भूगर्भाच्या हिशेबात लगेचच, या भूभागाचा पश्चिमेकडचा तुकडा तुटून निघाला. तो तुकडा म्हणजे आजचं सेशेल्स. आता ते मुंबईपासून 3 हजार किलोमीटरांवर आहे. भाकरी मोडली की कडेला चिरा उरतात, तशी कोकणपट्टी ही मोडलेली कड आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लोकलचं तिकीट पुरे. माथेरानच्या कड्यावर लाव्ह्याचे थर पाट मांडावेत तसे आडवे दिसतात. तिथून मुंब्र्याला या. पारसिकच्या डोंगरात तेच थर पश्चिमेला, म्हणजे ठाण्याच्या अंगाला, कललेले आहेत. कल्याण-पनवेलपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या पट्ट्यात जमीन अशी समुद्राकडे वाकली आहे. भूवैज्ञानिक त्याला ‘पनवेलचा बाक’ म्हणतात. वाकली का, यावर अजून वाद आहे. कोणी म्हणतं, किनारा खचताना थर नुसते वाकले. कोणी म्हणतं, खाली वक्र भेगा आहेत आणि त्यांच्यावरून घसरताना थर कलले. मला दुसरं म्हणणं पटतं, कारण त्या पट्ट्यात लहान-लहान भेगा इतक्या आहेत की नुसत्या वाकण्यानं त्यांचा उलगडा होत नाही.

या बाकाबद्दल 1949 साली लिहिणाऱ्यांत जॉन ऑडन हे नाव येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हा माणूस इंग्रजी कवी ऑडनचा सख्खा भाऊ. एकानं कविता केल्या, दुसऱ्यानं पश्चिम भारतातल्या चिरांत थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती मोजल्या. अशा सरळसोट काळ्या भिंती मुरुडच्या बाजूला किनाऱ्यावर आजही दिसतात.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं की सह्याद्रीचा कडा हीच ती भेग. पश्चिमेकडची जमीन खचली आणि कडा उभा राहिला. परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला, त्या कथेशी हे चांगलं जुळतं. पण मुख्य भेगा बहुधा आणखी पश्चिमेला, समुद्राखाली आहेत. कडा तिथून झिजत, ढासळत, नद्यांनी मागे रेटत आजच्या जागी आला. म्हणजे समुद्र हटला नाही, डोंगर हटला!

समुद्राखाली काय झालं, ते 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजानं दाखवलं. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरांवर तेल लागलं, तेच बॉम्बे हाय. तळ भेगांनी तुटला होता. काही ठोकळे खचले, काही उंचच राहिले. उंच राहिलेल्या अशा एका ठोकळ्यावर पुढे चुनखडी साचली आणि त्या चुनखडीत तेल साठलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमागेही ही मोडतोड आहे.

आणि ती मोडतोड पुरती शांत झालेली नाही. घाटमाथ्याच्या आत, कोयनेला, 11 डिसेंबर 1967 ला भूकंप झाला, तो धरणाच्या पाण्यानं जुनी भेग चाळवल्यामुळे असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथे पुढे भोकं पाडून पाहिलं, तेव्हा एका जागी 933 मीटरांवर लाव्ह्याचा दगड संपून ग्रॅनाइट लागला. या भेगा त्या ग्रॅनाइटातही उतरलेल्या आहेत.

डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून छोट्या धक्क्यांची माळच लागली. सगळ्यांत मोठाही 4 च्या आसपासचा, पण सगळे उथळ. त्यामुळे हादऱ्याबरोबर जमिनीतून गडगडाट ऐकू यायचा. त्या थंडीत कितीतरी कुटुंबं घराबाहेर, तंबूत झोपली. आपल्या नकाशावरचं पहिलं टिंब, सातिवली, तिथून फार लांब नाही.

नमस्कार.